पडलेल्यावर हात उचलायचा नाही, हे ठरवलं कुणी?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षीपासून ती कुर्ल्यातच बॉक्सिंगच्या वर्गाला जाते. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या मुलांना बजावलं, की समोरचा खाली गेला, नुसता गुडघा जरी टेकला, तरी हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. मला हे फार आवडलं. पण हा नियम केला कुणी, असं तिला विचारलं, तर ना तिला सांगता आलं, ना मला. शोधाशोध केली तेव्हा जेम्स फिग आणि जॅक ब्रॉटन अशी दोन नावं हाती लागली. दोघांनाही ‘पहिला विजेता’ म्हटलेलं दिसतं. मग खरा पहिला कोण? तो माणूस कसा होता? आणि आपल्याकडे पूर्वी असं काही होतं का?
– एक वाचक, नेहरूनगर, कुर्ला (पूर्व)

उत्तर : तुमच्या मुलीच्या सरांनी सांगितलेला नियम १६ ऑगस्ट १७४३ रोजी लंडनमध्ये लिहिला गेला. तो करणारा कुणी न्यायाधीश नव्हता, पाद्री नव्हता आणि सरदारही नव्हता. ठोसे मारून पोट भरणारा आणि त्या घडीला इंग्लंडमध्ये ज्याला हरवणारा कुणी नव्हता, असा तो माणूस होता. त्याचं नाव जॅक ब्रॉटन. मुळात तो थेम्स नदीवरचा नावाडी.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्या वर्षी साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते आणि पेशवेपदावर नानासाहेब. वसईची मोहीम होऊन चार वर्षं लोटली होती. साष्टी बेट, म्हणजे त्यात तुमचं कुर्लंही आलं, मराठ्यांच्या अमलाखाली होतं. इंग्रजांकडे होती ती फक्त खाली दक्षिणेची मुंबई. इतका जुना हा नियम आहे आणि आजही तो जगभर तसाच पाळला जातो.

आता तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

फिग की ब्रॉटन?

दोघांनाही पहिला म्हणतात, कारण दोघांचं पहिलेपण वेगवेगळं आहे.

जेम्स फिग हा ऑक्सफर्डशायरमधल्या थेम या गावचा. १७१९ मध्ये त्याने लंडनमध्ये आपली शाळा आणि आखाडा सुरू केला. तिथे तलवार, लाठी आणि मूठ अशा तिन्ही गोष्टी शिकवल्या जात आणि लोक पैसे मोजून झुंजी बघायला येत. इंग्लंडचा पहिला विजेता म्हणून इतिहासाची पुस्तकं फिगचंच नाव देतात आणि त्याचा तो मान रास्त आहे. पण फिगची खरी कीर्ती तलवारीची आणि लाठीची होती. मूठ ही त्याच्या दुकानातल्या मालापैकी एक. १७३४ मध्ये तो वारला.

याच काळातली आणखी एक गोष्ट तुमच्या मुलीला मुद्दाम सांगा. १७२२ मध्ये लंडनमध्ये एलिझाबेथ विल्किन्सन नावाच्या बाईने हॅना हायफील्ड नावाच्या दुसऱ्या बाईला वर्तमानपत्रातून जाहीर आव्हान दिलं. अट अशी होती, की दोघींनी दोन्ही मुठींत अर्ध्या क्राउनचं एकेक नाणं धरायचं आणि जिच्या हातून नाणं आधी पडेल ती हरली. नाणं धरायचं म्हणजे मूठ आवळलेली राहणार. मग ओरबाडता येणार नाही, केस ओढता येणार नाहीत. मुलींनी बॉक्सिंग करायचं म्हणजे हे आजकालचं काहीतरी खूळ, असं कुणी घरात म्हणालं, तर त्याला हे तीनशे वर्षांपूर्वीचं साल सांगावं.

फिगनंतर जॉर्ज टेलर नावाच्या मल्लाने लंडनमध्ये मोठा तंबू थाटला. ब्रॉटन तिथेच लढून पुढे आला. तलवार नाही, लाठी नाही, फक्त मूठ. ठोसेबाजी हाच ज्याचा धंदा, तीच ज्याची विद्या आणि त्या विद्येला ज्याने शिस्त लावली, अशा अर्थाने विचाराल, तर पहिला व्यावसायिक विजेता ब्रॉटनच, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावाडी ते विजेता

ब्रॉटनचा जन्म १७०३ च्या सुमाराचा. लहानपणीच तो नावाड्याच्या हाताखाली कामाला लागला. त्या काळी लंडन शहराला थेम्सवर एकच पूल होता. वेस्टमिन्स्टरचा पूल झाला तो १७५० मध्ये. तोवर नदी ओलांडायची तर नावेत बसायचं, नाहीतर लांबचा वळसा घ्यायचा. त्यामुळे नावाड्यांची संख्या मोठी, गिऱ्हाइकांवरून भांडणं रोजची आणि ती मिटायची मुठीने. दिवसभर वल्ही मारून खांदे आणि पाठ तयार झालेला हा गडी त्या भांडणांत उठून दिसला असणार, हे सांगायला नको.

१७३० मध्ये त्याने ‘डॉगेट्स कोट अँड बॅज’ ही शर्यत जिंकली. उमेदवारी संपवून नुकत्याच परवाना मिळालेल्या तरुण नावाड्यांची ही शर्यत. लंडन पुलापासून चेल्सीपर्यंत साडेसात किलोमीटरच्या आसपास वल्हवत जायचं. बक्षीस म्हणून खास अंगरखा आणि बाहीवर मिरवायचा चांदीचा बिल्ला मिळे. थॉमस डॉगेट नावाच्या नटाने १७१५ मध्ये सुरू केलेली ही शर्यत आजही दरवर्षी होते.

पुढे ब्रॉटन टेलरच्या तंबूत लढू लागला. उंची सुमारे पाच फूट अकरा इंच, वजन नव्वद किलोच्या आसपास. पण नुसत्या ताकदीवर लढणारे लंडनमध्ये शेकड्याने होते. ब्रॉटनचं वेगळेपण होतं त्याच्या डोक्यात. तोवरची झुंज म्हणजे दोघांनी समोरासमोर पाय रोवायचे आणि एक जण कोसळेपर्यंत एकमेकांना बडवायचं. मागे सरणं म्हणजे भ्याडपणा. ब्रॉटनने ठोसा हाताने अडवायला सुरुवात केली. तो मागे सरायचा आणि सरता सरता मारायचा. आज तुमची मुलगी ‘गार्ड’ वर ठेवून पाय हलवत राहते, त्याची सुरुवात या माणसापाशी आहे. कॅप्टन जॉन गॉडफ्रे नावाच्या जाणकाराने १७४७ मध्ये स्वसंरक्षणाच्या विद्येवर पुस्तक लिहिलं, त्यात ब्रॉटनला त्याने सर्वांत वरचं स्थान दिलं आहे.

त्याची देहयष्टीही नामांकित होती. रायसब्रॅक या प्रसिद्ध शिल्पकाराने हर्क्युलिसचा पुतळा घडवताना बाहूंसाठी ब्रॉटनलाच समोर उभं केलं होतं. विल्टशायरमधल्या स्टूरहेड इथे तो पुतळा आजही बघायला मिळतो. राजा दुसरा जॉर्ज याचा मुलगा, कंबरलंडचा ड्यूक, हा ब्रॉटनचा आश्रयदाता. आपल्याकडे संस्थानिक जसे मल्ल पोसत, तसाच तो प्रकार होता. फरक एवढाच, की इथे ड्यूकसाहेब आपल्या माणसावर प्रचंड पैजा लावत.

एक झुंज आणि तिच्यानंतरचे सात नियम

१७४१ मध्ये ब्रॉटनची जॉर्ज स्टीव्हनसनशी गाठ पडली. स्टीव्हनसन घोडागाडी हाकणारा, वयाने तरुण आणि अत्यंत चिवट. झुंज अर्ध्या तासाच्या पुढे गेली. शेवटी ब्रॉटनचा एक ठोसा पोटात असा बसला, की स्टीव्हनसन पुन्हा उभा राहू शकला नाही. त्या माराने तो पुढे काही दिवसांत मेला आणि त्याच्या मरणाचा ब्रॉटनला जबर धक्का बसला, असं नंतरच्या बहुतेक लेखकांनी लिहिलं आहे. गॉडफ्रेच्या समकालीन वर्णनात झुंजीची तारीफ आहे, मृत्यूची हकिगत नाही. म्हणून काही अभ्यासक या भागाबद्दल शंका घेतात. तेव्हा मृत्यूची गोष्ट परंपरेने आलेली आहे एवढं ध्यानात ठेवून तुमच्या मुलीला सांगा.

पुढचं मात्र कागदावर आहे. मार्च १७४३ मध्ये ब्रॉटनने श्रीमंत चाहत्यांच्या मदतीने लंडनच्या ऑक्सफर्ड रोडजवळ स्वतःचा आखाडा उघडला. ऑगस्टमध्ये त्याने तिथल्या झुंजींसाठी सात नियम जाहीर केले. मुष्टियुद्धाचे हे पहिले लिखित नियम. पैसे लावणाऱ्या आणि झुंज पाहायला येणाऱ्या सद्‌गृहस्थांची त्यांना संमती होती. हे नियम जरा जवळून बघण्यासारखे आहेत.

पहिल्या नियमानुसार मंचाच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौरस आखायचा. कुणी पडलं, की दोघांच्या साथीदारांनी आपापला गडी त्या चौरसाच्या कडेला समोरासमोर आणून उभा करायचा. दोघं रेषेवर नीट उभे राहीपर्यंत कुणी कुणाला मारायचं नाही. एक यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर. घरातल्या फुटी लाद्या तीन मोजा आणि पलीकडे मुलीला उभं करा. एवढ्या अंतरावरून नव्वद किलोचा माणूस बिनहातमोज्याचा ठोसा मारणार आहे असं समजा, म्हणजे त्या झुंजीचा अंदाज येईल.

दुसरा नियम वेळेचा. पडलेल्या गड्याला अर्ध्या मिनिटात रेषेपाशी आणता आलं नाही, तर तो हरला. म्हणजे अर्धा मिनिट विश्रांतीची हमी मिळाली आणि झुंज नेमकी कधी संपली, यावरचा वादही मिटला. आज रिंगमध्ये पंच दहापर्यंत आकडे मोजतो, त्याचं मूळ हेच.

तिसऱ्या नियमाने मंचावरची गर्दी हटवली. दोन लढवय्ये आणि त्यांचे दोन साथीदार, बाकी सगळ्यांनी खाली उतरायचं. जो ऐकणार नाही त्याला आखाड्याबाहेर काढायचं. चौथा नियम लढणाऱ्याच्या सन्मानाचा आहे. तो वेळेत रेषेवर आला नाही किंवा त्याच्याच साथीदाराने हार मान्य केली, तरच तो हरला. समोरच्याच्या साथीदाराने त्याला काही विचारायचं नाही, माघार घे म्हणून गळ घालायची नाही.

पाचवा नियम पैशाचा आणि मला तो विशेष महत्त्वाचा वाटतो. मुख्य लढतीखेरीज ज्या छोट्या लढती होत, त्यांत जमलेल्या रकमेचे दोन तृतीयांश विजेत्याला मिळणार आणि वाटणी मंचावर, सगळ्यांच्या देखत होणार. आतून काही वेगळं ठरलं असेल, तर ते चालणार नाही. स्वतः ठोसे खाऊन पैसे मिळवलेल्या माणसालाच सुचेल असा हा नियम आहे. पैसे मागल्या दाराने कसे जिरतात, हे त्याने पाहिलेलं होतं. जमलेल्या प्रेक्षकांमधून लढवय्यांनी स्वतः दोन पंच निवडायचे आणि त्या दोघांचं जमलं नाही तर तिसरा नेमायचा, हा सहावा नियम.

आणि सातवा तुमच्या मुलीच्या सरांचा. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला मारायचं नाही. त्याची मांडी, विजार किंवा कमरेखालचा कुठलाही भाग धरायचा नाही. आणि गुडघ्यांवर आलेला माणूस पडलेलाच समजायचा.

या नियमांनी झुंज अगदी सौम्य झाली, असं मात्र समजू नका. कमरेच्या वर धरून आपटायला मुभा होती, आपल्या कुस्तीतल्यासारखी. डावाला वेळेची मर्यादा नव्हती, कुणी पडेल तेव्हाच डाव संपायचा. हातमोजे नव्हते. तरीही माणूस खाली गेला की तो आपला शत्रू उरत नाही, एवढं एक तत्त्व त्या दिवशी कायमचं ठरलं.

हातमोज्यांचा विचारही पहिल्यांदा त्यानेच केला. १७४७ मध्ये ब्रॉटनने हेमार्केट भागात शिकवणी सुरू केल्याची जाहिरात दिली. शिकणारे बडे घरचे. त्यांना काळानिळा डोळा, मोडलेला जबडा किंवा फुटलेलं नाक घेऊन घरी जावं लागू नये, म्हणून सरावात भरीव हातमोजे वापरू, असं आश्वासन त्या जाहिरातीत होतं. खऱ्या झुंजीत मोजे यायला पुढे सव्वाशे वर्षं जावी लागली. पण सरावात शिष्याचं अंग सांभाळायचं असतं, हे त्या माणसाला कळलं होतं.

चौदा मिनिटांत गेलेलं विजेतेपद

११ एप्रिल १७५० रोजी ब्रॉटन स्वतःच्याच आखाड्यात हरला. समोर होता नॉर्विचचा खाटीक जॅक स्लॅक. ब्रॉटन तेव्हा पंचेचाळिशी उलटलेला, बराच काळ न लढलेला. स्लॅकला त्याने कस्पटासमान लेखलं. नीट तयारी केली नाही. पैजेचा भाव दहास एक असा ब्रॉटनच्या बाजूने. सुरुवातीला झालंही तसंच, स्लॅक मार खात होता. मग स्लॅकचा एक ठोसा ब्रॉटनच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बसला. बघता बघता डोळे सुजून मिटले. ड्यूक खालून ओरडला, की हे काय चाललंय? तेव्हा आपण हरलेलो नाही, फक्त समोरचा माणूस दिसत नाही, असं ब्रॉटनने उत्तर दिल्याचं सांगतात. चौदा मिनिटांत सगळं आटोपलं. ड्यूकचे दहा हजार पौंड बुडाले, अशी तेव्हापासूनची वदंता आहे.

ड्यूकची मर्जी फिरली आणि आखाडा बंद पडला. आश्रयावर जगणाऱ्या कलावंताचं, मल्लाचं दुखणं सगळीकडे सारखंच. तुम्ही जिंकताय तोवर राजपुत्र तुमचा, हरलात की दार बंद.

पण ब्रॉटन रस्त्यावर आला नाही. राजाच्या ‘यीमन ऑफ द गार्ड’ या मानाच्या पहारेकरी दलात त्याला जागा मिळालेली होती आणि ती अखेरपर्यंत टिकली. बंद पडलेल्या आखाड्याच्या जागेत त्याने सामानसुमानाच्या विक्रीचा व्यवसाय केला. पैसा राखून ठेवला. लॅम्बेथमधल्या आपल्या घरी ८ जानेवारी १७८९ रोजी, पंचाऐंशीच्या घरात तो वारला. त्याच्या पिढीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच ठोसेबाजांना इतकं दीर्घ आणि सुस्थितीतलं म्हातारपण लाभलं नाही.

त्याच्या नावाची शिळा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये आहे. राजे आणि कवी जिथे आहेत, तिथे हा नावाडी. पण त्याच्या नावापुढे ‘इंग्लंडचा विजेता’ असं कोरायला त्या वेळच्या धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. पवित्र जागेत ठोसेबाजाचा किताब नको, असा विचार. तेवढी जागा शिळेवर कोरीच राहिली. अखेर १९८८ मध्ये, जवळजवळ दोनशे वर्षांनी, तिथे त्याचं विजेतेपद कोरलं गेलं.

नियम पुढे कसे वाढले

ब्रॉटनचे नियम जवळजवळ शंभर वर्षं चालले. १८३८ मध्ये विल्यम फेल्प्स नावाचा लढवय्या झुंजीनंतर मरण पावला आणि त्याच वर्षी ‘लंडन प्राइझ रिंग’ नावाची नवी नियमावली आली. १८६७ मध्ये जॉन ग्रॅहम चेंबर्स याने लिहिलेले आणि क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने ओळखले जाणारे नियम छापले गेले. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, दहा सेकंदांची मोजणी, हातमोजे सक्तीचे आणि धरून आपटणं बंद. आजचं बॉक्सिंग इथून सुरू होतं. ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जेम्स कॉर्बेटने हातमोजे घालून जॉन सुलिव्हनला एकविसाव्या फेरीत हरवलं, तेव्हा उघड्या मुठीचं युग संपलं असं मानतात.

त्यानंतरही नियम बदलत राहिले आणि दुर्दैवाने त्यामागे पुन्हा मरण होतं. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत दक्षिण कोरियाचा डुक कू किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. तेव्हा जागतिक बॉक्सिंग परिषदेने विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या. या खेळातला प्रत्येक बंधनकारक नियम कुणाच्या तरी अंगावर उमटलेला आहे. म्हणूनच त्यातला एकही नियम किरकोळ समजून सोडून द्यायचा नसतो.

आणि आपल्याकडे?

होतं, आणि फार जुनं होतं. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होतं. त्या घराण्यातल्या सोमेश्वर तिसरा या राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ आहे. त्यात मल्लांचा आहार, सराव आणि झुंजी यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. राजाने मल्लाला काय खायला घालावं, किती मेहनत करून घ्यावी, याची त्यात चर्चा केलेली आहे.

मुठीची झुंजही होती, तिचं नाव वज्रमुष्टी. बोटांवर शिंगाचं दातेरी आयुध चढवून ही झुंज खेळत. ज्येष्ठीमल्ल हा समाज पिढ्यान् पिढ्या हीच विद्या करून जगला. म्हणजे त्या अर्थानेही ते व्यावसायिकच. बडोद्याच्या गायकवाडांचा दरबार हे त्यांचं मोठं आश्रयस्थान. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्याला आला होता. ही झुंज त्याने डोळ्यांनी पाहिली आणि आपल्या प्रवासवर्णनात तिचा रक्तबंबाळ तपशील लिहून ठेवला. म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टीची झुंज आजही होते, पण डोक्यातून पहिला रक्ताचा थेंब आला की ती थांबवतात. तिथेही शेवटी नियमानेच ती विद्या जिवंत ठेवली.

आजच्या अर्थाचं बॉक्सिंग मराठी मुलांपर्यंत पोहोचलं, त्यात लष्कराचा मोठा हात आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे त्याचं ठळक उदाहरण. ते लष्करात भरती झाले आणि तिथे बॉक्सर म्हणून नावारूपाला आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अपंग झाले. रिंग सुटली, पण ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं. तुम्ही तो पाहिला नसेल, तर मुलीबरोबर बसून पाहा.

व्यावसायिक विजेतेपदाची लढत तुमच्यापासून फार दूर झालेली नाही. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. तेव्हा डोकलामवरून भारत-चीन सीमेवर तणाव होता. जिंकल्यावर रिंगमध्येच विजेंदरने सांगितलं, की शांतता राहावी म्हणून हा जिंकलेला पट्टा परत द्यायला मी तयार आहे. लढत संपल्यावर समोरच्याशी वैर नाही, ही गोष्ट मुंबईतल्या मुलांना त्या रात्री प्रत्यक्ष बघायला मिळाली.

आणि मुलींचं म्हणाल, तर महाराष्ट्राला मान खाली घालायचं काही कारण नाही. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक विजेती झाली. पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनमध्ये तोच मान मिळवला. तुमची मुलगी ज्या वाटेवर आहे, तिच्यावरून जाऊन आलेल्या मुली आपल्याच राज्यात आहेत.

शेवटचं सांगणं

तुम्ही विचारलंत, की तो माणूस कसा होता. तो उत्तम लढणारा होता, गर्वाने एकदा घसरला, आश्रयदात्याने टाकलं तरी खचला नाही आणि नीटनेटकं आयुष्य जगून गेला. त्याने जिंकलेल्या झुंजींची नोंद आज फार थोड्यांना ठाऊक आहे. पण ज्या धंद्यावर आपण जगतो, त्या धंद्यात माणूस मरता कामा नये, त्याला त्याचे पैसे उघडपणे मिळाले पाहिजेत आणि पडलेल्याला उठायला वेळ मिळाला पाहिजे, हे त्याने विजेता असताना लिहून ठेवलं. हरलेल्याने नियम मागणं वेगळं आणि ज्याला नियमांची सर्वांत कमी गरज आहे, अशा जिंकणाऱ्याने ते स्वतःवर घालून घेणं वेगळं. ब्रॉटनचं मोठेपण मी इथे मानतो.

आता तुमच्यासाठी आणि बॉक्सिंगच्या वर्गात मुलं पाठवणाऱ्या सगळ्या पालकांसाठी एक विनंती. मुलगा किंवा मुलगी किती पदकं आणेल, हे सरांना नंतर विचारा. आधी तीन गोष्टी विचारा. सरावात डोक्याला संरक्षक टोप, दातांना गार्ड आणि नीट भरलेले हातमोजे वापरतात का? वजन आणि वय बघूनच जोड्या लावतात का? आणि डोक्याला मार बसला, चक्कर आली, तर त्या दिवशी सराव थांबवून डॉक्टरकडे पाठवतात का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर तुमची मुलगी योग्य हातांत आहे, तिला बिनधास्त खेळू द्या. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर वर्ग बदला, कितीही नावाजलेला असला तरी.